उशाशी गुप्तहेर

झोपण्याआधी काय वाचावं, हे आमच्या भागात विजेच्या वेळापत्रकावरही ठरतं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं झाली, कालवे आले आणि जुन्नर-आंबेगावात जिथे बाजरी-हुलगे व्हायचे तिथे ऊस, कांदा, टोमॅटो उभा राहिला. पाण्यामागोमाग मोटार आली. मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट मात्र पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की घरातलं एक माणूस रानात आणि बाकीची घरात अर्धवट जागी. अशा रात्री जड पुस्तक हातात धरवत नाही. मी रहस्यकथा घेते. जितकी हलकी तितकी बरी.

हलकी म्हणजे कशी, ते आधी सांगते. तिसऱ्या-चौथ्या पानावर काहीतरी घडलेलं असावं. तिजोरी फुटावी, माणूस नाहीसा व्हावा, आतून कडी लावलेल्या खोलीत प्रेत सापडावं. पात्रं मोजकी असावीत आणि त्यांची नावं एकमेकांसारखी नसावीत, नाहीतर डोळा लागता लागता देशमुखांचा पुतण्या कोण आणि देशपांड्यांचा मुनीम कोण, याचा घोळ होतो. वाक्यं लहान हवीत. पुस्तक एका हातात मावावं, कुशीवर वळलं तरी वाचता यावं. आणि रक्ताच्या वर्णनात, मेलेल्याच्या बायकोच्या आक्रोशात लेखकाने रेंगाळू नये. हल्ली मोबाईलवर खऱ्या गुन्ह्यांच्या मालिका मिळतात, त्या मी रात्री बघत नाही. तिथलं दुःख कुणाच्या तरी घरातलं खरं दुःख असतं. ते ऐकायचं तर उठून बसून ऐकावं. आडवं पडून, झोप येण्यासाठी ते बघणं मला बरोबर वाटत नाही.

ही पुस्तकं आमच्याकडे आली ती मुंबईच्या वाटेने. मुंबईत डबे पोचवणारे बहुतेक लोक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. बाजारात ओझी उचलायला गेलेलेही पुष्कळ. गाववाल्यांची मिळून एक खोली, एकाच पुस्तकावर सगळ्यांची पाळी. जत्रेला माणूस गावी निघायचा तेव्हा कल्याणहून माळशेज घाट चढून येणाऱ्या एसटीत त्याच्या पिशवीत पोरांना खाऊ, आईला लुगडं आणि तळाशी एखादी ‘काळा पहाड’ची रहस्यकथा असायची. माझ्या माहेरी ही पुस्तकं चुलते आणायचे. त्यांची शाळा चौथीत सुटलेली. दुसरं कुठलं पुस्तक त्यांनी वाचलेलं मला आठवत नाही, पण ही वाचली, आणि ओट्यावर बसून मोठ्याने वाचली. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही त्या कथांमधले झुंजार आणि विजया घरच्या माणसांइतके ठाऊक होते. रात्री जेवणं झाली की आजी म्हणायची, “वाच रे पुढं, त्या बाईला सोडवली का त्यानं?” त्या ओट्यावर ऐकणाऱ्यांत मी सगळ्यात लहान. वाचनाची गोडी मला शाळेने लावली असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ती बाबुराव अर्नाळकरांनी लावली.

बाबुराव अर्नाळकर हे लेखनातलं नाव. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ साली ते गेले तोवर त्यांच्या नावावर हजारावर रहस्यकथा जमा होत्या, आणि गिनेस बुकातही त्यांची नोंद झाली होती. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. ते गेले २०२१ साली. वर्षाला पंचवीस पुस्तकं लिहिली तरी हजार व्हायला चाळीस वर्षं लागतात. महिन्याला दोन पुस्तकं, दर खेपेला नवा खून, नवा संशयित, नवी सुटका, आणि हे सगळं हाताने कागदावर. या कष्टांचा विचार केला की मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो. सगळी पुस्तकं चांगली होती असं मी म्हणणार नाही. काहींत योगायोग फार, काहींत शेवट उरकलेला, बायकांची चित्रं बरीचशी एकाच साच्यातली. सुहास शिरवळकर त्यांच्या मानाने चलाख. बोलणं चटपटीत, कोर्टातली उलटतपासणी रंगवावी तर त्यांनीच. ‘दुनियादारी’मुळे आजची मुलं त्यांचं नाव घेतात. माझ्या पिढीला मात्र ते एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर भेटले, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांच्यासकट.

साचा असतो, हा या पुस्तकांवरचा नेहमीचा आक्षेप. दिवसा वाचणाऱ्याला तो पटेल. रात्री मला साचाच हवा असतो. झुंजार संकटात सापडला तरी सुटणार, हे मला ठाऊक असतं आणि लेखकालाही. तो कसा सुटतो एवढंच काय ते बघायचं. दिवसभराच्या गोष्टींत एवढी खात्री कुठे मिळते? बराखीतला कांदा आज काढावा की अजून थांबावं, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या कॅरेटला उद्या काय निघेल, पट्टी हातात पडेल तेव्हा आडत आणि गाडीभाडं वजा जाऊन किती उरेल, यातलं काहीच शेवटच्या पानावर लिहिलेलं नसतं.

रात्रीच्या पाळीला आमच्याकडे काय होतं ते सांगते. लाईट बाराला येणार असली तर हे साडेअकरालाच उठतात. पायात गमबूट, हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून निघायचं, हे आता कुणालाच शिकवावं लागत नाही. उसाच्या कडेने जाताना आवाज असावा म्हणजे बिबट्या आधीच बाजूला होतो. मी दारापर्यंत जाते.

“दारं धरून झाली की लगेच या. बांधावर बसू नका.”

“नाही बसत. तू कडी लाव आणि झोप.”

कडी मी लावते, झोपत नाही. गाण्याचा आवाज लांब जातो, मग ऐकू येईनासा होतो. थोड्या वेळाने विहिरीकडून मोटारीची घरघर सुरू होते, म्हणजे माणूस पोचला. कुत्री भुंकायला लागली की मी कान देते. सलग भुंकणं असलं तर काळजी नाही, रस्त्याने कुणी जात असेल. भुंकता भुंकता एकदम सगळी गप्प झाली तर मी उठून खिडकीशी जाते.

याच वेळी मला या पुस्तकांचं खरं मोल कळलं. टीव्ही लावला तर कान अडकतात. मोबाईल घेतला तर डोळे, कान, सगळंच त्यात जातं. गंभीर कादंबरी घेतली तर एकाच पानावर तीनदा यावं लागतं, कारण तिला पूर्ण मन हवं असतं आणि अर्धं मन तर विहिरीपाशी असतं. हलकी रहस्यकथा डोळे घेते, वरवरची काळजी घेते आणि कान मोकळे ठेवते. मध्येच उठून खिडकीशी जाऊन आलं तरी तो इन्स्पेक्टर अजून त्याच जिन्यात उभा असतो. त्याला काही सोडून गेल्यासारखं वाटत नाही, मलाही नाही. मोटार बंद झाली, गाणं पुन्हा जवळ आलं, दारावर थाप पडली की पानाचा कोपरा दुमडते आणि मग खरी झोप लागते. रात्रीची पाळी नसते तेव्हाही आता ती सवय राहिली आहे.

सकाळी रानातला वाफसा बघायला गेलं की कधीकधी ओल्या मातीत ठसे दिसतात. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखं उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे त्याचा पंजा गोल आणि नितळ उमटतो. हे इथे शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. मोठा ठसा, शेजारी लहान ठसे, म्हणजे मादी आणि बछडी. उसात जन्मलेल्या बछड्यांना ऊस हेच जंगल. तोड सुरू झाली की ती फडात सापडतात, मग वनखात्याची माणसं येतात आणि आईने परत न्यावीत म्हणून ती पुन्हा तिथेच ठेवतात. जखमी आणि पिंजऱ्यात पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात असतात. ठसा कुठून आला, कुठे गेला, याचा तपास आम्ही रोजच्या कामासारखा करतो, पण तपास पुरा होत नाही. बांधापर्यंत माग लागतो आणि पुढे उसाच्या पाल्यात हरवतो.

एकदा मात्र असा माग पुष्कळ लांबवर लागला. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या काढला, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. पट्ट्यातून येणाऱ्या नोंदी जुळवत गेल्यावर दिसलं की हा रात्री चालतो, दिवसा दबून बसतो, माणसांच्या वस्तीजवळून जातो आणि कुणाला कळतही नाही. रस्ते, रेल्वे, खाडी ओलांडत शंभरावर किलोमीटर चालून तो मुंबईजवळ वसईच्या बाजूला पोचला. कुठल्याही कादंबरीतल्या गुप्तहेराला हेवा वाटावा असा हा पाठलाग. त्यावर पुढे ‘आजोबा’ नावाचा मराठी सिनेमाही आला. पण गोष्टीचा शेवट कादंबरीसारखा झाला नाही. दोन-एक वर्षांनी महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला. तो घाटातून थेट पश्चिमेलाच का निघाला, त्याला कुठे पोचायचं होतं, हे विचारायला कुणी उरलं नाही.

माग काढणं या मुलखाला नवं नाही. पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली या प्रदेशाचा अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचं काम तपशिलाने दिलं आहे. रात्री गावाभोवती फिरायचं, कोण आलं कोण गेलं ते ध्यानात ठेवायचं, गावातल्या प्रत्येकाचा स्वभाव माहीत असायचा. चोरी झाली की चोर शोधण्याची जबाबदारी त्याची. पावलांचे ठसे बघत तो माग काढत निघे. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला आणि तिथल्या जागल्याला तो पटवून दिला की याची जबाबदारी संपली, त्याची सुरू झाली. असं गावागणिक चालत, ज्या गावात माग शेवटचा लागला ते गाव गेलेल्या मालाला जबाबदार धरलं जाई.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. प्रश्न एका शिवेवर येऊन बेवारस पडत नसे. पहिल्या जागल्याने तो दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय त्याला घरी जाता येत नसे. या व्यवस्थेत अन्यायही होते. जागल्याचं काम ज्या जातींच्या वाट्याला आलं त्यांना गावाने मान कधी दिला नाही, आणि चोरीचा पहिला संशयही पुष्कळदा त्यांच्यावरच घेतला. इंग्रजांनी तर पुढे त्यांतल्या काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्काच मारला. गावाची झोप ज्यांच्या जागण्यावर चालली होती, त्यांच्या वाट्याला हे आलं. त्यांच्या कसबाच्या गोष्टी कुणी लिहून ठेवल्या असत्या तर मराठी रहस्यकथेला सुरुवातीलाच इथल्या मातीतला नायक मिळाला असता, आणि त्याला भिंग, टोप, पाईप यांची गरज पडली नसती.

रहस्यकथा वाचून झोप का लागते, याचं कारण मी पुष्कळ दिवस शेवटात शोधत होते: गुन्हेगार सापडतो, सगळं जुळून येतं, म्हणून मन निवतं. पण मी तर बहुतेक वेळा शेवटापर्यंत पोचतच नाही. मधल्याच कुठल्या तरी प्रकरणात डोळा लागतो. तेव्हा खुनी मोकळाच असतो, वारसाहक्काचे कागद गहाळच असतात, आणि तरीही झोप शांत लागते. मला वाटतं, आपल्याऐवजी दुसरं कुणीतरी जागं आहे, हेच त्यामागचं कारण. मी पुस्तक मिटलं तरी तो तपास करणारा थांबणार नाही. तो मेलेल्या माणसाच्या खोलीत पुन्हा जाईल, घड्याळ बंद का पडलं ते बघेल, ज्या मोलकरणीला कुणी काही विचारलं नाही तिला विचारेल. कुणाचं मरण नोंदवहीतल्या एका ओळीवर सोडून तो घरी जाणार नाही. आमच्याकडे विहिरीत पडून, शॉक लागून, औषध पोटात जाऊन माणसं जातात. पंचनामा होतो, ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते, दहाव्याला माणसं जमतात आणि ‘का’ हा प्रश्न घरातल्या बाईपाशी उरतो. मी अशा घरांत बसून आले आहे. स्वस्त कागदावरच्या त्या पुस्तकात कुणीतरी तो प्रश्न आपला मानून शेवटपर्यंत नेतो, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, माझं हे वाचन सुरुवातीला पसंत नव्हतं. आमचं घर माळकऱ्यांचं. आळ्याला रेड्याची समाधी आहे, तिथल्या वारीला त्या कधी चुकल्या नाहीत. झोपताना देवाचं नाव घ्यावं, खुनाखुनीचं वाचू नये, असं त्या म्हणायच्या. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. संध्याकाळचा हरिपाठ देवळात होतो, मीही जाते, आणि तो मनापासून म्हणते. पण हरिपाठ म्हणताना माणूस ताठ बसतो. रात्री बाराला, मोटारीच्या आवाजाकडे कान लावून, पाठ टेकलेली असताना जे लागतं ते वेगळं. एका रात्री यांना यायला उशीर झाला. आत्याही जाग्या होत्या. त्या म्हणाल्या, “काय वाचतीस ते मोठ्यानं वाच, मला तरी कळंल.” मी वाचलं. दोन प्रकरणं झाल्यावर त्यांनी सांगितलं की चोर तो दिवाणजीच, कारण खऱ्या माणसाला इतक्या शपथा घ्याव्या लागत नाहीत. त्यांचं बरोबर निघालं.

शिकलेल्या माणसांना हे वाचन लपवावंसं का वाटतं, मला समजत नाही. कवी ऑडेनने १९४८ साली उघड लिहिलं की त्याला डिटेक्टिव्ह कथांचं व्यसन आहे, एकदा हाती घेतली की काम होत नाही आणि वाचून झाली की तो ती विसरून जातो. विसरणं हा तर या पुस्तकांचा उपकारच. वर्षाने तेच पुस्तक पुन्हा उशाशी घेता येतं. बंगालीत मात्र या कथा वाचकाने मानाने जवळ केल्या. ब्योमकेश बक्षीचे लेखक शरदिंदु बंदोपाध्याय १९५२ पासून पुण्यातच राहत होते, आणि ब्योमकेशच्या पुष्कळ कथा त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या. त्यातली एक घडते आपल्या महाबळेश्वरच्या हॉटेलात. त्याच लेखकाने ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या, आणि बंगाली वाचकाने दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या.

आपल्याकडे कपाटच राहिलं नाही. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाल्यावर गावोगावी वाचनालयांना अनुदान मिळू लागलं, आणि त्या वाचनालयांत सगळ्यात जास्त हाताळलेली पुस्तकं हीच होती. म्हणूनच ती आधी फाटली, आणि फाटली म्हणून निर्लेखनाच्या यादीत आधी गेली. ज्ञानकोशाचे खंड शाबूत राहिले, कारण त्यांना कुणी घरी नेलं नव्हतं. अशाच एका यादीतला गठ्ठा मी रद्दीच्या भावाने मागून घेतला. खाकी कागदाची वेष्टणं, जाड दोऱ्याची शिवण, खालच्या कोपऱ्यांवर अंगठ्यांचे तेलकट डाग, एका पानावर कंदिलाच्या काजळीचा ठिपका, दुसऱ्यावर हळदीची बोटं. हळदीची बोटं बघून मला फार बरं वाटलं. ती माझ्यासारख्याच कुणाची तरी असणार.

कणकेची खळ लावून आणि दाभणाने शिवून बरीचशी पुस्तकं वाचण्याजोगी झाली आहेत. अडचण आहे ती शेवटच्या पानांची. अर्नाळकरांच्या जुन्या छपाईची काही आणि नाईकांची थोडी अशी आहेत की शेवटचा फॉर्मच नाही. तेव्हा मंचर, घोडेगाव, ओतूर, नारायणगाव, कुठेही कुणाच्या माळ्यावर जुन्या ट्रंकेत ही पुस्तकं असतील, तर भंगारवाल्याला देण्याआधी गावच्या वाचनालयात दाखवावीत. सुरुवातीची पानं गेलेली असली तरी चालतील.